दिवसाला एक तास

शिरगणतीच्या कामाचा हुकूम हातात पडला तेव्हा मला मास्तरीण होऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात, नोकरी जाईल अशी धास्ती न वाटता एकही दिवस मावळला नव्हता. नोकरी कच्ची होती. दर उन्हाळ्यात हुकूम संपायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर नवा यायचा. मागच्या उन्हाळ्याचे दोन महिने मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून काढले होते.

माझं वय एकोणीस. सातवी फायनल पास, आणि नवऱ्यानं टाकलेली. लग्नाला आठ महिने होतात न होतात तोच त्यानं मला जानेफळला, भावाच्या दारात आणून सोडलं. पाणीसुद्धा न पिता तो परत फिरला. भावजयीनं मला कधी वाईट शब्द ऐकवला नाही. पण भाकरी थापताना माझ्या वाटणीची भाकरी तव्यावर पडली की तिचा हात थोडा जोरात वाजायचा. तो आवाज मी वर्षभर ऐकला. मग शाळेचा हुकूम आला आणि मी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वडनेर भोलजीपासून दीड कोसावरच्या एका गावात आले. गावात शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत मी आणि दुसरीत हेडमास्तर. ते पन्नाशीचे, मवाळ, कोणाशी वाकडं न घेणारे. राहायला मला एका माळ्याच्या घरात खोली मिळाली. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. म्हातारीला मी माय म्हणायचे.

नवं राज्य होऊन तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं. गणतीचं काम शिकायला आम्हा सगळ्या मास्तरांना नांदुऱ्याला बोलावलं. एवढ्या मास्तरांत आम्ही बाया तिघीच होतो. साहेबांनी सांगितलं, माणसागणिक एक चिठ्ठी. तान्हं मूल असो, आंधळं-पांगळं असो, कोणी सुटता कामा नये. चिठ्ठी हरवली, फाडली, खोटी भरली, बाहेर कोणाला दाखवली, तर कायद्यानं शिक्षा. मी वहीत "शिक्षा" हा शब्द लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग कामाचा रकाना आला. नियम असा होता की शेतीच्या हंगामात बहुतेक दिवस, दिवसाला एक तासाहून जास्त काम ज्यानं केलं, तो काम करणारा. बाई असो की पुरुष.

मागून एक मास्तर म्हणाला, "साहेब, मग आमच्या गावात पाळण्यातली लेकरंच तेवढी बाजूला राहतील."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणून मीही हसले नाही.

हेडमास्तरांनी गाव निम्मं निम्मं वाटून घेतलं. वरच्या आळीतलं मोठं घर माझ्या वाट्याला आलं. "तिथं बायामाणसं बाहेर येत नाहीत," ते म्हणाले, "तुम्ही गेलेलं बरं." त्यांनाच त्या घराची पायरी चढायची भीती वाटत होती, हे मला नंतर कळलं.

गावात जुनी माणसं गणतीला मर्दुमशुमारी म्हणायची. पहिल्याच घरी एका म्हाताऱ्यानं मला अडवलं.

"मर्दुमशुमारी हाये ना, बाई? मंग मर्द लिव्हा. बायांचं काय काम त्याच्यात?"

मी घाबरत घाबरत सांगितलं की बायांचंही लिहायचं आहे. तो विचारात पडला. नाव दिलं तर कर बसेल, वावर जाईल, पोराला फौजेत नेतील, अशा नाना शंका लोकांना होत्या. मी त्यांना भीत होते आणि ते माझ्या हातातल्या कागदांना भीत होते. घरधनी ओसरीवर बसून सांगायचा, "बायको? ते घरीच असते." त्याच वेळी त्याची बायको घोट्यापर्यंत चिखलाचे पाय घेऊन मळ्यातून यायची. मग मी आत चुलीपाशी जाऊन बसायचे. बाईमाणूस म्हणून मला कोणी आडकाठी केली नाही. चुलीपाशी खरी उत्तरं मिळायची. कोणी निंदायला जाते, कोणी वेचायला, कोणी मोट चालते तोवर वाफ्यांना पाण्याचे बारे देते. नियमाप्रमाणे मी लिहीत गेले. यात धिटाई कसली नव्हती. खोटं लिहिलं तर शिक्षा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मोठ्या घरी मी चौथ्या दिवशी गेले. घरधन्याला सारं गाव मालक म्हणायचं. साठीचे, पांढरं धोतर, हातात काठी. त्यांनी मला ओसरीवर पाट दिला, बोलले नीट.

"घरात माणसं किती?"

"नऊ. पाच माणसं, चार बाया. माह्यी घरवाली, दोन सुना, एक लेक."

"बायांचं काम काय लिहू?"

ते हसले. "बायांचं काम? आमच्या घरच्या बाया काम करत नाहीत, बाई. ते मजुरांच्या घरी. लिव्हा, घरीच असतात."

मी नऊ चिठ्ठ्या भरल्या. चौघींच्या चिठ्ठ्यांवर त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. त्यांच्यासमोर दुसरं काही विचारायची माझी छाती झाली नाही. मग चहाला आतून बोलावणं आलं. मालकीणबाई खाली मान घालून डाळ निवडत होत्या. चहा पिऊन मी हात धुवायला मागच्या दारी गेले, तर गोठ्यापाशी एक बाई डोक्यावरचा कडब्याचा भारा खाली टाकत होती. पंचविशीची असेल. कपाळ मोकळं. मिरच्या तोडून बोटं लाल झालेली, नखांपाशी सुजलेली.

"तुमीच का नावं लिव्हणाऱ्या?" तिनं हळूच विचारलं.

"हो."

"माह्यं लिव्हलं का?"

"तुम्ही कोण?"

"या घरची सून. धाकल्याची. तो जाऊन तीन वर्सं झाली." तिनं ओसरीच्या दिशेनं पाहिलं. "मामंजीनं सांगतलं नसन. ते कोणाले सांगत नाहीत."

तिनं नऊवारीचा पदर कमरेला खोचला.

"मले लिव्हा, बाई. मी अजून मेलो नाही."

विधवा सुनेलाही जमिनीत हिस्सा मिळतो असा कायदा झालाय, हे गावात लोक कुजबुजत बोलायचे. मालकांना तिचं नाव सरकारी कागदावर का नको होतं, ते मला तिथंच कळलं. तिला न लिहिता गेले असते तर त्या घरातल्या कोणीच मला काही म्हटलं नसतं. पण कोणी सुटता कामा नये, असं साहेब म्हणाले होते. मी गव्हाणीच्या काठावर बसले, मांडीवर पाटी ठेवली आणि दहावी चिठ्ठी काढली. त्या घरातल्या बायांची ती पाचवी.

"शेतात काम करता? दिवसाला एक तासाच्या वर?"

"सकाळी ढोरं सोडतो, दूध काढतो, मंग वावरात. निंदण, वेचणी, आता मिरची तोडून राह्यलो. दिवस बुडाला की घरी. तुमी तासाचं विचारता, बाई, त मी एक तास बसतो कवा, ते विचारा."

मी तिचं नाव लिहिलं. काम करते, असं लिहिलं. मागं वळून पाहिलं तर दारात मालकीणबाई उभ्या होत्या, हातात सूप. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक. त्या आत गेल्या.

दोन दिवसांनी हेडमास्तर माझ्या वर्गात आले आणि मुलांना बाहेर सोडायला सांगितलं. दिवसाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे आम्ही दोघं मिळून बांधायचो, त्यात त्यांना दहावी चिठ्ठी दिसली होती.

"माझ्याकडून चूक झाली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मालकांनी चहाला बोलावलं होतं. विचारलं, आमच्या घरची माणसं नऊच लिहिली ना. मी... मी दहा म्हणून बसलो."

"सर, बाहेर सांगायचं नव्हतं."

"मला भेव वाटला, बाई. त्यांनी विचारलं की मला भेव वाटतो."

ते बोलून होतात न होतात तोच मालक शाळेच्या पडवीत येऊन उभे राहिले. बरोबर दोन सालदार गडी होते. भर दुपारची वेळ. हेडमास्तर आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, आमच्या घरच्या चार बाया," मालक शांतपणे म्हणाले. "तुमच्या कागदात पाच झाल्या म्हणतात. एक कागद फाडा. बस्स, एवढंच."

गठ्ठा माझ्या टेबलावरच होता. फाडायला एक क्षण लागला असता. मी तो उचलून छातीशी धरला. मला त्या माणसाची भीती वाटत होतीच, पण तुरुंगाची त्याहून जास्त वाटत होती. मालकांना मी रोज पाहत होते, तुरुंग मी कधी पाहिला नव्हता.

"फाडला त मले जेल हाये, मालक!" मी ओरडलेच. मैदानातली मुलं खेळायची थांबली. "साहेबानं सांगतलं. फाडणाऱ्याले बी जेल, अन् फाडाले लावणाऱ्याले बी!"

यातलं दुसरं वाक्य साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते माझ्या तोंडून कसं निघालं मला आजही सांगता येत नाही. सालदारांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक पायरी उतरून खाली उभा राहिला.

मालकांचा आवाज बदलला. "तू कोन वं? नवऱ्यानं टाकलेली बाई. हा कागद फाटला नाही, त तुह्या नोकरीचा कागद फाटन. लक्षात ठेव."

ते गेल्यावर मी खाली बसले ती उठेचना. हेडमास्तरांनी दार उघडून पाण्याचा पेला आणला.

पुढचे दिवस मी कसे काढले मलाच माहीत. वरच्या आळीची मुलं शाळेत येईनाशी झाली. विहिरीवर गेले की बाया बोलायच्या थांबायच्या, आपापल्या घागरी उचलून निघून जायच्या. एका सकाळी माझ्या दारात बाभळीची भली मोठी काटेरी फांदी आडवी टाकलेली होती. मी रडायला लागले. मायनं फांदी ओढून चुलीपाशी नेली.

"रडतं कायले? सरपणाले झालं."

पण तीही घाबरली होती. मळ्यात जाताना मला सोबत घेऊन जायची, एकटीला घरी ठेवत नव्हती. चिठ्ठ्यांचा गठ्ठा मी फडक्यात बांधून काखेत मारायचे आणि शाळेत, विहिरीवर, मळ्यात, जाईन तिथं घेऊन जायचे. जेवण जात नव्हतं. जानेफळची ती भाकरीची थाप पुन्हा ऐकायला लागणार, असं सारखं वाटायचं. त्या घरी परत जायचं म्हणजे आपण पुन्हा कोणीच नसणार. मास्तरीण आहे तोवर गाव मला बाई म्हणत होतं. नोकरी गेली की काय म्हणणार, ते मालकांनी पडवीत सांगून टाकलं होतं.

आणि काम अजून संपलं नव्हतं. शेवटी एक फेरी पुन्हा करायची होती. प्रत्येक घरी जाऊन विचारायचं, मधल्या दिवसांत कोणी जन्मलं का, कोणी मेलं का. म्हणजे त्या ओसरीवर मला पुन्हा चढायचं होतं.

हेडमास्तरांना मी बरोबर यायची विनंती केली. ते म्हणाले, "येतो," आणि त्या दिवशी त्यांना ताप भरला. खरा होता की कसा, मी विचारलं नाही. माय मात्र वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली. "मी वांगी इकाले जाऊन राह्यलो. तू माह्या मांगं मांगं ये."

मालक ओसरीवरच होते. दोन्ही मुलगे बसले होते. मी पायरीपाशी उभी राहिले. माय अंगणात टोपली उतरवून बसली. मला प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"मागच्या फेरीनंतर घरात कोणी जन्मलं? कोणी मेलं?"

"मेलं?" मालक एकदम उभे राहिले. "कोन म्हणते मेलं?"

तो प्रश्न मी सगळ्याच घरी विचारत होते. पण त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. हा माणूस घाबरला आहे, हे मला कळलं. त्यानं मला धीर आला नाही. एवढा माणूस घाबरावा असं या घरात झालंय तरी काय?

"ती अठी नाही," मालक म्हणाले. "माहेरी धाडली."

मला त्या भागातल्या विहिरी आठवल्या. विहिरीत "पाय घसरून" पडलेल्या बायांच्या गोष्टी मी शाळेतल्या मुलांकडून ऐकल्या होत्या. तिला आपणच लिहिलं, आपल्या एका चिठ्ठीपायी तिचं काही झालं असेल तर, असं मनात आलं. मी खांब धरला.

तेवढ्यात आतल्या दाराची कडी वाजली आणि मालकीणबाई ओसरीवर आल्या. पदर नाकापर्यंत ओढलेला. मायनं मला नंतर सांगितलं की चाळीस वर्षांत ती बाई चारचौघांसमोर ओसरीवर आलेली गावानं पाहिली नव्हती.

"हाये ते," त्या म्हणाल्या. "कोठं गेली नाही. वावरात हाये. सकाळपासून मिरची तोडून राह्यली."

"आत जा," मालक म्हणाले.

त्या हलल्या नाहीत. पदराआडून माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "बाई, तिचं लिव्हलं तसंच राहू दे. अन् माह्यं बदलून लिव्ह. घरीच असते म्हणे! या घरची ढोरं कोन पाह्यते? खळ्यावर कोन बसते? सालदाराच्या भाकरी कोन थापते? लिव्ह."

थोरला मुलगा उठला आणि पुन्हा बसला. मालक बायकोकडे बघत राहिले, जणू कोणी परकी बाईच घरात आली होती. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते अंगणातून बाहेर निघून गेले. मी तिथंच पायरीवर बसून मालकीणबाईंची चिठ्ठी काढली, आधीचं खोडलं आणि नवं लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की मला पहिलीतल्या पोरांची आठवण झाली. मायनं वांग्यांची टोपली तशीच उचलली. वांगी विकायची राहूनच गेली.

तिथून आम्ही दोघी सरळ मिरचीच्या वावराकडे गेलो. ती बांधालगतच्या ओळीत वाकून मिरची तोडत होती. आम्हाला पाहून सरळ झाली, कपाळावर आडवा हात धरला आणि पुन्हा वाकली. एवढं पाहिल्यावर मी पुढच्या घराकडे वळले.

तपासायला तालुक्याहून पर्यवेक्षक आले, ते शाळेसमोरच्या लिंबाखाली बसले. माझा गठ्ठा चाळता चाळता थांबले.

"बाई, एवढ्या बाया काम करणाऱ्या? बाकी कुणाच्या गठ्ठ्यात एवढ्या नाहीत."

"नियम एक तासाचा हाये, साहेब."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अजून बरीच गावं बाकी होती, ऊन चढत होतं. त्यांनी सही केली.

त्या वर्षी उन्हाळा संपला तरी माझा हुकूम आला नाही. पाऊस पडून पेरण्या झाल्या तरी आला नाही. मी जानेफळला भावाकडे होते आणि भाकरीची थाप ऐकत होते. मालकांनी शब्द खरा केला असंच मी धरून चालले. आषाढ संपता संपता हुकूम आला, तो धाडजवळच्या एका गावचा. उशीर मालकांमुळे झाला की कचेरीतल्या गोंधळामुळे, मला कधीच कळलं नाही.

काही वर्षांनी बुलढाण्याला कचेरीत हेडमास्तर भेटले. त्यांचे केस सगळे पांढरे झाले होते. आम्ही बसस्टँडवर चहा घेतला. त्यांनीच सांगितलं की त्या सुनेचे भाऊ पटवाऱ्याकडे गेले, भांडणं झाली, पण शेवटी तिच्या नावे वावर लागलं. ती आता वेगळी राहते. सासूही तिच्यापाशीच असते.

"चिठ्ठीमुळं झालं का?" मी विचारलं.

"छे. त्या चिठ्ठ्या कुठं गेल्या कोणाला ठाऊक. जमिनीच्या कामी त्यांना काही मोल नव्हतं. ते मालकांना माहीत नव्हतं, आणि तुम्हाला-मलाही नव्हतं."

म्हणजे आम्ही सगळे एका कागदाला विनाकारण भ्यालो होतो. पण मालकीणबाई ओसरीवर आल्या होत्या, ते मात्र खरं होतं. त्या कशाला आल्या, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. तोवर त्या थकल्या असतील, आणि मी काही त्या बाजूला पुन्हा गेले नाही.

पुढची गणती आली तेव्हा माझी नोकरी पक्की झाली होती. मी धाडकडेच होते. या खेपेला तासाचा नियम गेला होता. माणूस मुख्यतः काय करतो, तेवढं आधी विचारायचं. एका घरी मी अंगणात उभी होते आणि एक बाई खांद्यावर फावडं घेऊन वावराकडे निघाली होती. फावड्याला ओली माती लागलेली. मी तिला थांबवून विचारलं.

"मुख्य म्हंजे? घरचंच करतो," ती म्हणाली.

आणखी एक प्रश्न विचारता आला असता. पण उरलेली घरं पुष्कळ होती, वरचे साहेब काटेकोर होते, आणि आपल्या गठ्ठ्यात जास्तीच्या बाया कशा आल्या ते सांगत बसायची मला पुन्हा भीती वाटली. पक्क्या नोकरीतही ती गेली नव्हती. मी "घरकाम" लिहिलं.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

तिनं फावडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती वावराच्या वाटेला लागली.